एकतिसावं पान

"चिठ्ठी पुन्हा उचकटलीय, अण्णासाहेब," मी म्हणाले.

काउंटरपलीकडे अण्णासाहेब खांबेटे हातरुमालानं पुस्तकाचं कव्हर पुसत उभे होते. पुस्तक परत देताना ते दर वेळी असं पुसून द्यायचे आणि मग रुमालाची चौकोनी घडी घालून मुठीत धरायचे.

"कसली चिठ्ठी?"

"ही, परतीच्या तारखेची. एका बाजूनं अलगद सोडवून ठेवलीय. मागच्या सातही भागांत हेच झालं."

"नात लहान आहे हो. हाताला चाळा लागतो," ते हसले. "नववा भाग द्या."

मी आठवा जमा करून घेतला, नववा दिला. तो कापडी पिशवीत घालून ते वर्तमानपत्रांच्या टेबलाकडे गेले. मी खळीची बाटली उघडली, चिठ्ठीची सुटलेली कड चिकटवली आणि वरून चांगली मूठ आपटली. चिठ्ठीखाली काय आहे हे बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चिठ्ठीखाली कागद असणार, दुसरं काय असणार?

याला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि कोल्हापूरहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन आमच्याच तालुक्याच्या गावी, लोकहित वाचनालयात सहायक म्हणून नुकती लागले होते. डोक्यात वर्गीकरणाचे आकडे ताजे होते आणि नाकावर राग. ग्रंथपाल माईणकर सर तीस वर्षं त्याच खुर्चीत बसलेले, नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांचं वर्गीकरण एका वाक्यात संपायचं. चित्रं दिसली की बालविभाग.

मी लागायच्या महिनाभर आधी गावातल्या एका मुलानं बंगळुरूत घर बदलताना तीन खोकी पुस्तकं वाचनालयाला दिली होती. सगळी चित्रकथांची, सगळी इंग्रजीत. त्यात एक जपानी मालिका होती, चौदा भागांची, एका नावाड्याची गोष्ट. ही पुस्तकं उलटी बांधलेली होती. म्हणजे आपण जिथून उघडतो तिथं मागचं कव्हर आणि जिथं संपवतो तिथं पुढचं. "बायंडरनं घोळ घातलाय. म्हणून तर फुकट दिली," असं सर म्हणाले. शिपायानं एका दुपारी चौदाही भागांना, आपण उघडतो त्या बाजूच्या पहिल्याच पानावर तारखेच्या चिठ्ठ्या डकवल्या, शिक्के मारले, आणि संच बालविभागात गोट्या आणि कॅरमच्या शेजारच्या कपाटात जाऊन बसला.

ती पुस्तकं एकाच घरी जायची. अण्णासाहेब आमच्या कार्यकारिणीचे उपाध्यक्ष. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि तो शब्द ते कधी मोठ्यानं बोलायचे नाहीत. मुलगा मस्कतला होता. घरी बायको, सून, नात. सून पुण्याहून चित्रकलेचं शिक्षण घेतलेली होती म्हणे, पण मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कुणी विचारलं तर अण्णासाहेब हळूच म्हणत, "सूनबाईंची प्रकृती बरी नसते." पुस्तकं ते नातीच्या बाल-कार्डावर न्यायचे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तक चोरून कुणी पहिली पानं फाडली तरी ओळख पटावी म्हणून आतल्या एका ठरलेल्या पानावर शिक्का मारतात. आमचं पान एकतीस. पुस्तक परत आलं की ते पान तपासावं असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. सर कधी तपासत नसत, मी मात्र तोऱ्यात तपासायची. नावाड्याच्या दुसऱ्या भागात, शिक्क्याच्या खाली, पेन्सिलनं काढलेली एक चिमणी सापडली. तिसऱ्यात किटली. पाचव्यात उघडी छत्री. चार-पाच रेघांचंच काम, पण चिमणीनं मान वळवलेली स्पष्ट दिसत होती. लहान पोरीच्या हातचं ते नव्हे, हे मला तिथंच कळायला हवं होतं. मी खोडरबर घेतला आणि पुसून टाकलं. वाचनालयाच्या मालमत्तेवर रेघोट्या मारणाऱ्यांची मला भारी चीड.

त्या दिवशी आठवा भाग कपाटात ठेवताना मी तो सहज चाळला आणि तोंडात बोटं घातली. नदीच्या काठावर प्रेतं लागली होती, नावाडी त्यांना एकेक करून उलटं करून चेहरे बघत होता. मी तशीच सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, हा संच बालविभागातून हलवायला हवा."

"कुठं?"

"मोठ्यांच्या कपाटात. ७४१.५, चित्रकथांचा नंबर. प्रौढ सभासदाच्या कार्डावरच द्यायचा."

"असू दे गं. मुलं चित्रं बघतात."

"मुलं कुठं, सर? खांबेट्यांची नात एकटीच नेते."

"मग नेऊ दे की तिला," ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

सरांचा आळस किती मोलाचा होता, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला त्यांची कीव आली. चार दिवस मी ते मनात घोळवलं आणि आठ मार्चला संध्याकाळी आठवा भाग हातात घेऊन थेट अण्णासाहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले.

"अण्णासाहेब, जरा बोलायचं होतं. हे पुस्तक लहान मुलांचं नाही."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"हे बघा ना." मी प्रेतांचं पान उघडून त्यांच्यापुढं सरकवलं. "आमचीच चूक. चुकीच्या कपाटात लावलं. तुमची नात केवढी आहे?"

"तीन वर्षांची."

मी हसले. "मग तर प्रश्नच मिटला. तिला इंग्रजी कुठलं वाचता येणार?"

ते हसले नाहीत. आठ भाग त्यांनी स्वतः नेले-आणले होते, पण पुस्तक उघडून ते त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होते. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. नीट, अक्षर न् अक्षर लावत. मी उभी होते.

"मग घरात हे वाचतं कोण?" त्यांनी विचारलं. मला नाही, पुस्तकाला विचारल्यासारखं.

मला तरीही काही उमगलं नाही. मी आपली माझ्याच तोऱ्यात. "पुढच्या आठवड्यात मी संच हलवते. नववा भाग तेवढा परत आणा."

"आणतो." त्यांनी पुस्तक मिटलं, रुमालानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "बरं झालं सांगितलंत, ढवळीकर बाई. हे अजून कुणाला बोललात?"

"सरांना, पण त्यांनी मनावर घेतलं नाही."

"कुणाला बोलू नका." आणि छत्री घेऊन ते निघाले. वर्तमानपत्र अर्धंच वाचून झालं होतं. रोज साडेसातला टेबलावरून उठणारा माणूस त्या दिवशी सहाला उठला. उपाध्यक्षांनी माझं ऐकलं म्हणून मी घरी जाताना खूश होते. अक्कल पाजळायला मिळाली की माणूस किती आंधळा होतो!

तेरा तारखेला ते नववा भाग घेऊन आले. सोबत नातीचं कार्डही होतं.

"हे रद्द करा. आता पुरे झाली पुस्तकं."

"दुसरी गोष्टींची देऊ का? मराठी आहेत, मोठ्या अक्षरांची."

"नको. ती आता आजीजवळ झोपते, आजी सांगते गोष्टी."

ते गेल्यावर मी चिठ्ठी पाहिली. या वेळी ती जागच्या जागी घट्ट होती, कुणीतरी ताज्या खळीनं चिकटवलेली. आलं एकदाचं शहाणपण, असं मी मनात म्हणाले. मग एकतिसावं पान उघडलं.

शिक्क्याच्या खाली, पानाच्या कोऱ्या पट्टीत, चार चौकटी होत्या. पेन्सिलीच्या, इतक्या सुबक की मूळ पुस्तकातल्याच वाटाव्यात. पहिल्या चौकटीत रिकामी खोली. खाट, खिडकी, भिंतीवर रोज एक पान फाडायचा तारखांचा गठ्ठा, त्यावर आकडा एकोणीस. दुसऱ्या चौकटीत त्याच खोलीत मिटल्या दाराला टेकून बसलेली एक बाई. तिसरीत जिन्याचा कठडा, एका म्हाताऱ्या हातात एक इवलासा हात आणि म्हाताऱ्याच्या दुसऱ्या मुठीत चौकोनी घडीचा रुमाल. चौथीत खाटेवर ती बाई आणि दोन शेंड्यांची मुलगी एकाच पुस्तकात डोकं घालून बसलेल्या.

रुमाल ओळखून मला हसू आलं. गोष्ट किती गोड होती! खोली रिकामी होती, तिथं सून आली. एकटीच बसली. मग आजोबांनी नातीला हाताशी धरून तिच्याकडे आणलं आणि आता दोघी मिळून वाचतात. एकोणीस ही लग्नाची तारीख असेल. म्हणजे पुस्तकं सून वाचत होती आणि माझ्या सांगण्यानं त्या घरात काहीतरी चांगलंच झालं होतं. मी खोडरबर उचलला होता, तो खाली ठेवला. हे मात्र पुसवेना. सरांनाही दाखवलं. "हात आहे हो मुलीच्या बोटांत," ते म्हणाले.

एकोणीस तारखेला दुपारी वाचनालय बंद असताना मी संच हलवायला काढला. नवे नंबर, नवी लेबलं, नव्या चिठ्ठ्या. जुन्या चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं भिजवून खरवडायच्या होत्या. हाताला पहिला नववा भागच आला. चिठ्ठी भिजली, सालीसारखी निघाली. खाली कोरा कागद नव्हता.

खाली ठळक इंग्रजी अक्षरं होती. थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूनं आलात. हा या पुस्तकाचा शेवट आहे. जपानी चित्रकथा उजवीकडून डावीकडे वाचतात, दुसऱ्या बाजूनं सुरुवात करा. खाली चार चौकटींची आकृती, त्यात बाण आणि आकडे. एक उजवीकडे. चार डावीकडे.

म्हणजे चौदाही पुस्तकांत ही सूचना होती आणि चौदाही पुस्तकांत नेमकी तिच्यावरच आम्ही आमची चिठ्ठी डकवली होती. आणि कुणीतरी दर वेळी ती चिठ्ठी एका बाजूनं अलगद उचलून ठेवत होतं, आम्ही वाचावं म्हणून. आणि मी दर वेळी वरून मूठ आपटत होते.

मी एकतिसावं पान उघडलं. उजवीकडून.

आई आणि मुलगी वाचत बसल्या आहेत. म्हातारा हात मुलीला जिन्यावरून घेऊन चालला आहे. बाई मिटल्या दाराशी एकटी आहे. खोली रिकामी आहे. एकोणीस.

"सर!" मी ओरडले. "आज तारीख किती?"

माईणकर सर आतल्या खोलीत डबा खात होते. त्यांना समजावून सांगताना माझी वाक्यं एकमेकांत अडकत होती, पण त्यांना दोन वेळा सांगावं लागलं नाही. अर्धी पोळी तशीच ठेवून ते उठले. त्यांची स्कूटर कधी चाळीसच्या वर गेल्याचं गावानं पाहिलं नव्हतं, त्या दिवशी गेली.

खांबेट्यांचा बंगला नदीपलीकडच्या वसाहतीत होता. अण्णासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. शेजारी नात, दोन शेंड्यांची, जमिनीवर मांडी घालून मुरमुरे खात होती. फाटकापुढच्या मातीत मोठ्या गाडीच्या चाकांचे ताजे ठसे होते.

"या, माईणकर. अवेळी?"

"वार्षिक पडताळणी चाललीय," सर म्हणाले. खोटं बोलताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. "एक-दोन पुस्तकं सापडत नाहीत. म्हटलं, सूनबाईंना विचारावं."

"त्या माहेरी गेल्या. सकाळीच."

"वर खोलीत राहिली असतील का पुस्तकं?" मी विचारलं.

अण्णासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "जा, बघून या. घरात लपवण्यासारखं काही नाही. ओवी, बाईंना आईची खोली दाखव."

ओवीनं मुरमुऱ्याचा हात फ्रॉकला पुसून माझं बोट धरलं. जिना चढून आम्ही वर गेलो. खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, नवीकोरी. लाकडाचा भुसा अजून उंबऱ्यात पडला होता.

आत खाट, खिडकी, भिंतीवर तारखांचा गठ्ठा. गठ्ठ्यावर एकोणीस. हे चित्र मी सहा दिवसांपूर्वी पाहिलं होतं, सरांना कौतुकानं दाखवलं होतं. त्यात काहीही कमी-जास्त नव्हतं. मी खाटेच्या कडेवर बसले.

"आई कुठं गेली गं, ओवी?"

"आई झोपली होती," ओवी म्हणाली. "दोन काकांनी उचलून गाडीत ठेवली. मी हाका मारल्या. उठली नाही."

खाली आल्यावर मी अण्णासाहेबांना एवढंच म्हणाले, "नाहीत पुस्तकं." त्यांनी मान हलवली. ते रुमालाची घडी घालत होते.

वाचनालयात येताच सरांनी बाल-सभासदांची फाइल काढली. ओवीचा अर्ज तिच्या आईनंच, अनुजानं, भरलेला होता, दीड वर्षापूर्वी, चांगल्या दिवसांत. ओळख देणाऱ्याच्या रकान्यात अनुजाच्या वडिलांची सही, नाशिकचा पत्ता आणि फोन नंबर होता.

"सर, ते उपाध्यक्ष आहेत," मी म्हणाले. "तुमचं निवृत्तिवेतन..."

"गप्प बस," सर म्हणाले आणि त्यांनी स्वतः नंबर फिरवला. "सोहोनी का? मी लोकहित वाचनालयातून माईणकर बोलतोय. अनुजाताई पोहोचल्या का तिकडं?"

पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. "नाही हो. ती कशाला येईल? तीन महिने झाले, तब्येत बरी नाही म्हणून ती फोनवरसुद्धा येत नाही. का? काय झालं?"

सरांनी डोळे मिटले. मग शांतपणे, एकेक गोष्ट क्रमानं, पुस्तकांची यादी वाचावी तशी सांगितली.

वडील त्याच संध्याकाळी निघाले. पुढं पोलीस झाले, अर्ज झाले, मस्कतच्या नवऱ्याचा "माझी संमती आहे" असा कागद निघाला. अनुजा सापडायला अठ्ठ्याहत्तर दिवस लागले. तिकडं दुसऱ्या जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी, डोकं फिरलेल्यांना सुधारतो असा बोर्ड लावलेल्या एका खासगी जागेत तिला ठेवलं होतं. तेरा तारखेला मी ते पान नीट वाचलं असतं, तर तिला घरातून नेताच आलं नसतं. हे गणित मी कितीतरी वेळा मांडून पाहिलं आहे, उत्तर बदलत नाही. सरांना कार्यकारिणीनं निवृत्तीआधी पाच महिने घरी बसवलं. जाताना त्यांनी चौदाही भाग स्वतःच्या हातांनी पुन्हा बालविभागात लावले.

जूनमध्ये एका सकाळी अनुजा वाचनालयात आली. ओवीचा ताबा मिळाला होता, वडिलांबरोबर तिला न्यायला आली होती. केस बारीक कापलेले, अंगात दुसऱ्या कुणाचातरी वाटावा असा सैल कुडता. ओवी तिच्या कुडत्याचं टोक मुठीत धरून उभी होती आणि सोडत नव्हती.

"तुम्हीच ना? एकतिसावं पान तपासणाऱ्या?"

"हो."

"चिमणीचं पुढं काय झालं ते कळलं नाही, तो भाग पुन्हा हातात आला नाही. पण म्हटलं, शिक्का आहे म्हणजे कुणीतरी बघत असणार. म्हणून एकोणीस तारीख ठरताना दाराआडून ऐकली, तशी त्या पानावर काढली."

"चिमणी मी पुसली," मी म्हणाले. "सगळी पुसली. शेवटचं तेवढं ठेवलं. पण ते मी डावीकडून वाचलं."

तिनं काउंटरवरच्या खळीच्या बाटलीकडे पाहिलं. "मी दर वेळी चिठ्ठी उचलून ठेवत होते."

"मी दर वेळी चिकटवत होते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नाही. तिनं फक्त मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग म्हणाली, "दहावा भाग आहे का?"

मी बालविभागातून तो आणला. तिच्या नावाचा अर्ज भरला, सहीसाठी पुढं केला. तिनं पेन धरलं आणि ते कागदावर टेकेना. उजवा हात कापत होता. औषधांमुळे, असं ती म्हणाली, कदाचित जाईल, कदाचित नाही. शेवटी तिनं डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि कशीबशी सही केली. हाच हात चार रेघांत चिमणीची मान वळवत होता.

"एक कळत नाही," ती जाताना म्हणाली. "आठ भाग झाले तरी सासऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चित्रांची पुस्तकं, नातीची, असंच त्यांना वाटायचं. मग एका संध्याकाळी घरी आले ते सरळ वर आले आणि ओवीला हाताला धरून घेऊन गेले. त्यांना सांगितलं तरी कुणी असेल?"

ओवी माझ्याकडे बघत होती. तिला माझं बोट आठवत असावं.

"कुणास ठाऊक," मी म्हणाले आणि दहाव्या भागावर तारखेचा शिक्का मारला.